ज्याचं गेलं त्याचं काय?

ठाणे-डोंबिवलीच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी हमखास असते. घर कोणाचं ते जुजबी, ऐवज किती तोळ्यांचा ते ठळक, आणि क्रियापद चोराच्या बाजूचं. चोरट्यांनी ‘डल्ला मारला’, ‘हात साफ केला’, दागिने ‘लांबवले’. शब्दांमधून थोडं कौतुकच डोकावतं. ज्याच्या घरातून गेलं तो माणूस या वाक्यांत कर्ताही नसतो आणि कर्मही नसतो. पोलीस ठाण्यातल्या कागदावर त्याला जागा मिळते, पण ‘फिर्यादी’ म्हणून. फिर्यादी घर बंद करून गावी गेले असता अज्ञात इसमाने दरवाजाचा कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केला, एवढं सांगून झालं की त्याचं काम संपतं.

वागळे इस्टेटीत हा कडी-कोयंडा तसा अलीकडचा. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि त्याची पहिली वसाहत ठाण्यात इथे उभी राहिली. कारखान्यांमागोमाग कामगार आले. किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर, अंबेवाडी भागांत चाळी आणि बैठी घरं दाटीवाटीने वाढली. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी असा दिवस विभागलेला असल्यामुळे कोणत्याही वेळी कोणी ना कोणी घरात असायचं, उंबऱ्यात बसलेलं असायचं. पुढे अनेक कारखाने बंद पडले, काहींच्या जागी काचेच्या इमारती आल्या, चाळींचे ब्लॉक झाले, नवरा-बायको दोघंही सकाळी लोकल पकडू लागले. दार लोटलेलं राहायचं तिथे दिवसभर कुलूप दिसू लागलं. गणपतीत आणि मे महिन्यात तर मजलेच्या मजले रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे, सातारा-सांगलीकडे रिकामे होतात.

त्याच सुमाराला पोलिसांचं ‘आवाहन’ निघतं. ठाणे शहर पोलीस आयुक्तालय १९८१ पासूनचं, आणि वागळे इस्टेट हे त्याचं पाचवं परिमंडळ. शेजाऱ्यांना सांगून जा, दागिने लॉकरमध्ये ठेवा, सोसायटीत कॅमेरे बसवा, अनोळखी माणसाला दार उघडू नका. सल्ला चांगलाच आहे. पण घर फुटल्यानंतर त्याच सल्ल्याचा प्रश्न होतो आणि तो समोर बसलेल्या बाईला विचारला जातो: ‘एवढं सोनं घरात कशाला ठेवलं होतंत?’ पोलीस विचारतात, विमावाला विचारतो, आणि सासरचे-माहेरचे तर विचारतातच.

गंमत म्हणजे ज्या काळाला आपण अंदाधुंदीचा म्हणतो त्या काळात या मुलखात पहिला प्रश्न वेगळा होता.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या प्रदेशाचा अहवाल लिहिला. गावच्या राखणीची पद्धत त्याने बारकाईने टिपली आहे. गावाला पाटील आणि त्याच्या हाताखाली राखणदार. कुठे रामोशी, कुठे भिल्ल, कुठे महार. गावात कोण आलं, कोण गेलं, कोणाचं कसं चाललंय हे राखणदाराला ठाऊक असायचं. चोरी झाली की तो पावलांचा माग काढत निघायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की तिथल्या राखणदाराच्या हवाली करायचा आणि मग जबाबदारी त्या गावाची. माग जिथे संपला तिथे चोर सापडला नाही, तर गेलेल्या मालाची भरपाई आधी राखणदाराने आपल्या ऐपतीप्रमाणे करायची आणि उरलेली रक्कम साऱ्या गावावर बसायची.

एल्फिन्स्टनला हे अन्यायाचं वाटलं. चोरी रोखणं गावाच्या हातात नसेल आणि भरपाईची ऐपतही नसेल, तर दंड कसला, असा त्याचा आक्षेप होता. पूर्ण भरपाई क्वचितच वसूल होई, हेही त्याने नोंदवलं. आक्षेप खराच होता. गरीब राखणदाराला बांधून घालणारी ही व्यवस्था काही रामराज्य नव्हती. राखणदार स्वतःच सवयीने चोर असतो, असंही त्याने त्याच अहवालात लिहून ठेवलं, आणि त्या शेऱ्याची फळं पुढे फार कडू निघाली. पण ज्याचं गेलं त्याचं भरून कोण देणार, हा प्रश्न त्या पद्धतीच्या केंद्रस्थानी होता. चोर हाती लागला नाही म्हणून तो मिटत नसे.

नंतरच्या कायद्याने हा प्रश्न बाजूला ठेवला. भारतीय दंड संहिता १८६० साली मंजूर झाली आणि १८६२ च्या जानेवारीपासून लागू झाली. चोरी हा आता ज्याची चोरी झाली त्याच्यापेक्षा सरकारविरुद्धचा गुन्हा ठरला. खटला सरकारचा, शिक्षा सरकारची, दंड झाला तर तोही सरकारजमा. त्यातून फिर्यादीला काही देण्याची मुभा न्यायालयाला होती, पण ती सहसा वापरली जात नसे. संहितेने घरफोडीची फोड मात्र तपशिलात केली. घरात शिरण्याच्या सहा वाटा सांगितल्या, आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी फोडलेल्या घराला वेगळा दर्जा दिला. चोरीच्या उद्देशाने दिवसा घर फोडलं तर दहा वर्षांपर्यंत कैद, रात्री फोडलं तर चौदा. कंदिलाच्या काळातल्या घराला हे शोभणारं होतं. डोंबिवलीचा फ्लॅट मात्र रात्री माणसांनी भरलेला आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सहा रिकामा असतो. कायद्याच्या तराजूत आजही रात्रच जड आहे.

सरकारचं लक्ष मग चोरावर गेलं, आणि चोरावरून अख्ख्या जमातींवर. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची व्याप्ती १९११ च्या सुधारणेनंतर वाढली आणि मुंबई इलाख्यात तो जोरात राबवला गेला. सोलापूरला काटेरी तारांच्या आत वसाहत उभी राहिली. घरफोडीचं धोरण म्हणजे पारधी, भामटा, कैकाडी यांची हजेरी, असा अर्थ झाला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, तरी गावाबाहेर पाल पडलं की आधी तिथे चौकशी करायची सवय गेली नाही. या साऱ्या काळात फिर्यादीकडे कोणी पाहिलं नाही. संशयित ठरलेलाच असला की फिर्यादीला विचारण्यासारखं उरतं तरी काय?

फिर्यादीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं गेलं ते इंग्लंडात, तेही बरंचसं घरफोडीच्या निमित्ताने. १९७४ साली ब्रिस्टल शहरात स्वयंसेवकांचं एक केंद्र सुरू झालं. पोलिसांकडून चोरी झालेल्या घरांचे पत्ते घ्यायचे, एक-दोन दिवसांत दार ठोठावायचं, चहा घेत ऐकायचं, फुटलेली काच बसवायला, विम्याचा कागद भरायला मदत करायची. एवढंच काम. पाच वर्षांत त्याची देशव्यापी संघटना झाली. माइक मॅग्वायर या अभ्यासकाने टेम्स खोऱ्यातल्या तीनशेहून अधिक घरफोडीग्रस्तांशी बोलून १९८२ साली पुस्तक काढलं. आठवडे उलटले तरी बहुतेकांची घडी बसलेली नव्हती, आणि ऐवजाच्या किमतीपेक्षा कोणी परका आपल्या कपाटापर्यंत पोहोचला याचाच धक्का मोठा होता, असं त्याला आढळलं. मंगळसूत्र गेलेल्या बाईला यासाठी संशोधकाची गरज नाही. पण शासन बाईचं ऐकत नाही, टक्केवारीचं ऐकतं.

रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात झालेला प्रयोग आणखी बोलका आहे. तिथे एकदा फुटलेलं घर पुन्हा फुटण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त होती. मग राखण सगळ्या वसाहतीची न करता नुकत्याच फुटलेल्या घराची करायची ठरली. नाणी टाकून चालणारे गॅस-विजेचे मीटर हे चोरांचं मुख्य आकर्षण होतं. ते काढून टाकले. आजूबाजूच्या पाच-सहा घरांना त्या घरावर लक्ष ठेवायला सांगितलं. पहिल्याच वर्षात घरफोड्या निम्म्याहून खाली आल्या. किसननगरच्या चाळीत हे काम कोणी न सांगता होत असे आणि त्याला कोणी प्रकल्प म्हणत नसे. समोरच्या मावशी दुपारी बाहेर बाज टाकून बसत, इतकंच.

संयुक्त राष्ट्रांनी १९८५ च्या नोव्हेंबरात गुन्ह्याला बळी पडलेल्यांच्या हक्कांचा जाहीरनामा काढला. भारतात त्याआधीच न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७९ च्या एका निकालात खंत व्यक्त केली होती, की आपल्या फौजदारी कायद्याचं लक्ष बळी पडलेल्याकडे जातच नाही. पण इथे गाडं हललं ते जाहीरनाम्याने नव्हे. ते हललं पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीमुळे.

मुद्देमाल हा शब्द महाराष्ट्रातल्या प्रत्येक फिर्यादीला पाठ होतो. चोर सापडला, दागिने सापडले, तरी ते घरी येत नाहीत. पुरावा म्हणून सीलबंद होतात आणि खटला संपेपर्यंत ठाण्याच्या खोलीत राहतात. खटल्याला दहा वर्षं लागली तर दहा वर्षं. तिथे ते सुरक्षित असतात, असंही नाही. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या बसवा पाटील या बाईंचे चोरीला गेलेले दागिने पोलिसांनी हस्तगत केले आणि पोलिसांच्याच ताब्यातून ते पुन्हा नाहीसे झाले. बाईंच्या दागिन्यांची दोनदा चोरी झाली, दुसऱ्यांदा सरकारी कुलपातून. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितलं, की वस्तू सरकारच्या ताब्यात असताना गेली तर तिची किंमत सरकारने मोजावी, आणि मुळात गरजेपेक्षा जास्त काळ ती ताब्यात ठेवूच नये. पुढची पंचवीस वर्षं हा निकाल कायद्याच्या पुस्तकांत राहिला आणि दागिने खोलीत राहिले.

दुसरा धक्का गुजरातमधून आला, आणि त्या प्रकरणात आरोपी पोलीसच होते. ठाण्यातला खरा मुद्देमाल काढून त्या जागी खोटा ठेवल्याचा आरोप त्यांच्यावर होता. सुंदरभाई अंबालाल देसाई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात १ ऑक्टोबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रीतच घालून दिली. दागिन्यांचा सविस्तर पंचनामा करा, छायाचित्रं काढा, हमीपत्र घ्या आणि ते मालकाला देऊन टाका. ठाण्यात वस्तू पंधरा दिवस ते महिनाभर, त्याहून जास्त नाही.

आज ठाण्यात जे मुद्देमाल परत करण्याचे कार्यक्रम होतात त्यांच्यामागे हा निकाल आहे. २ जानेवारी १९६१ रोजी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज मिळाला. दरवर्षी त्या तारखेच्या आगेमागे सभागृहात खुर्च्या मांडल्या जातात, टेबलावर पाकिटं रचली जातात, अधिकाऱ्यांच्या हस्ते एकेकाला आपली वस्तू मिळते, फोटो निघतो. फिर्यादी त्या दिवशी पहिल्यांदा बातमीच्या मथळ्यात येतो. यात प्रसिद्धीचा भाग आहेच, पण तो दोषच म्हणता येणार नाही. पूर्वी हीच माणसं वकिलाच्या मागे कोर्टाच्या तारखा मोजत असत.

हा झाला चोर सापडल्याचा प्रकार. तो न सापडण्याचा प्रकार जास्त घडतो. त्यासाठी महाराष्ट्राच्या पोलिसी भाषेत खास शब्द आहे: ‘अ समरी’. गुन्हा खरा, पण उलगडा झाला नाही. ‘ब’ म्हणजे खोटी फिर्याद, ‘क’ म्हणजे गैरसमजातून आलेली. घरफोडीच्या कितीतरी फायली ‘अ’ अक्षराखाली बंद होतात. विम्याच्या दाव्यासाठी हा कागद लागतो, म्हणून फिर्यादीला आपल्या चोराचा तपास लागला नाही असं लिहून घेण्यासाठी खेटे घालावे लागतात.

त्याही आधीचा टप्पा नोंदीचा. आकडे वाढले की वरून विचारणा होते, म्हणून नोंद टाळायची, ही जुनी खोड. लोकलमध्ये चोरीला गेलेला मोबाइल कागदावर ‘गहाळ’ होतो. डोंबिवलीच्या फलाटावर खिसा कापला गेला तर हद्द लोहमार्ग पोलिसांची की शहराची, यावर माणूस दोन्हीकडून फिरतो. शेवटी १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिताकुमारी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाला सांगावं लागलं, की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे. कायद्यात लिहिलेलं कायद्याने कराच, असं बजावणारा हा निकाल वकील मंडळींना क्रांतिकारक वाटला. बाकीच्यांना आश्चर्य एवढंच वाटलं, की हे वेगळं सांगावं लागतं.

दरम्यान २००९ च्या अखेरीस फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या आली. नुकसान किंवा इजा झालेली व्यक्ती, म्हणजे घरफोडीचा फिर्यादीही पीडित. त्याला निकालाविरुद्ध अपील करता येऊ लागलं. राज्यांनी भरपाईच्या योजना आणल्या, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे त्या सोपवल्या. पण योजनांचा रोख जिवावर आणि शरीरावर झालेल्या हानीकडे राहिला, आणि तो तसा असणं समजण्यासारखं आहे. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यापुढे चार तोळे कोण मोजणार? नागपुरात २०१७ साली सुरू झालेल्या भरोसा सेलसारख्या केंद्रांचं लक्षही स्त्रिया, मुलं आणि ज्येष्ठ यांच्यावर आहे. घर फुटल्यावर रात्री झोप न येणाऱ्या मध्यमवयीन गृहस्थाने कुठे जावं, याचं उत्तर ‘शेजारी’ असंच आहे. शेजारी तेव्हा ऑफिसात असतो.

‘लॉकरमध्ये ठेवायचं ना’ या सल्ल्याची परीक्षा ठाणे जिल्ह्यातच झाली. नवी मुंबईतल्या जुईनगरच्या सेक्टर ११ मध्ये बँक ऑफ बडोदाच्या शाखेजवळ एका टोळीने दुकानाचा गाळा भाड्याने घेतला होता. वर दुकान चालू ठेवून खाली भुयार खणलं. नोव्हेंबर २०१७ मधला दुसरा शनिवार आणि रविवार अशा जोडून आलेल्या सुट्टीनंतर १३ तारखेला, सोमवारी, बँक उघडली तेव्हा लॉकरच्या खोलीत जमिनीला भगदाड होतं आणि तीस लॉकर फोडलेले. ज्यांनी पोलिसांचं आवाहन अक्षरशः पाळलं होतं ती ही माणसं. पोलिसांनी टोळीतले बरेच जण पकडले, काही सोनं हाती लागलं, त्यातलं काही वितळवलेलं. पण बँक काय देणं लागते, या प्रश्नावर देशभरच्या बँकांचं उत्तर ठरलेलं असे: लॉकरमध्ये काय आहे ते आम्हाला माहीत नसतं, आम्ही फक्त जागा भाड्याने देतो, जबाबदारी ग्राहकाची. ‘घरात कशाला ठेवलं’ म्हणणाऱ्या व्यवस्थेचा दुसरा विभाग ‘बँकेत काय होतं ते सिद्ध करा’ म्हणत होता.

कोलकात्याच्या एका ग्राहकाने हे उत्तर स्वीकारलं नाही. त्याचा लॉकर बँकेने परस्पर फोडला होता आणि सगळे दागिने परत मिळाले नव्हते. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अमिताभ दासगुप्ता यांच्या या प्रकरणात बँकांना हात झटकता येणार नाहीत असं सांगितलं आणि सहा महिन्यांत नियम करा असं रिझर्व्ह बँकेला फर्मावलं. रिझर्व्ह बँकेने ते १८ ऑगस्टला काढले, मुदतीला एक दिवस राखून. १ जानेवारी २०२२ पासून चोरी, घरफोडी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यामुळे लॉकरमधलं गेलं तर बँकेने वार्षिक भाड्याच्या शंभर पट रक्कम द्यायची. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. आजच्या भावात तेवढ्यात काय येतं ते कोणताही सराफ सांगेल. तरीही ‘जबाबदारी ग्राहकाची’ ही ओळ करारातून गेली. नव्या करारासाठी मुद्रांक कागद शोधत लोक वणवण फिरले, मुदत वाढवून २०२३ च्या डिसेंबरपर्यंत न्यावी लागली.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि प्रक्रियेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. नावांच्या वादात दोन-तीन कलमं दुर्लक्षित राहिली. तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवायचं, असं आता लिहिलेलं आहे. हद्द कोणतीही असो, माहिती कुठेही देता येते. फोनवरून किंवा संगणकावरून कळवली तर तीन दिवसांत सही करायची. आणि सुरक्षा संहितेचं कलम १०७ सांगतं, की गुन्ह्याच्या कमाईतून घेतलेली मालमत्ता जप्त करून ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यात जिल्हाधिकाऱ्याने साठ दिवसांत प्रमाणशीर वाटावी. एल्फिन्स्टनच्या राखणदारानंतर भरपाईचा विचार कायद्यात इतक्या ठळकपणे प्रथमच आलेला दिसतो, फरक इतकाच की आता बोजा गावावर नाही, चोराच्या मालमत्तेवर आहे.

त्याच संहितेने एक दार मात्र बंद केलं. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी आता अदखलपात्र यादीत गेली. घरातून गेलेलं असेल तर किंमत पाहिली जात नाही, पण वागळे इस्टेटीत गेटबाहेर लावलेली कामगाराची जुनी सायकल या रेषेखाली येते.

आणि सोनं परत मिळालंच, तर ते बहुधा दागिन्याच्या रूपात नसतं. चोर ते आधी वितळवतो, म्हणून पाकिटातून निघते लगड, पिवळी, गुळगुळीत, कोणाचीही असू शकणारी. वजन मोजून, फोटो काढून, हमीपत्रावर सही घेऊन ती हातात मिळते. न्यायालय मागेल तेव्हा हजर करायची, तोवर विकायची नाही, मोडायची नाही, रूप बदलायचं नाही, अशा अटी असतात. मंगळसूत्र घडवायचं तर न्यायालयाची परवानगी लागते. ती येईपर्यंत लगड घरी ठेवायला कोणी धजत नाही. पाकिटासकट ती लॉकरमध्ये जाते आणि शंभर पटीच्या करारावर सही होते.